एका तरुणाची विशिष्ट अडचण

आमच्या प्रार्थना गटात कुणाचं नाव घेऊन प्रार्थना करायची नाही, असा नियम होता. नाव घेतलं की ती चुगली होते, आणि नाव न घेता तीच गोष्ट सांगितली की तो 'हेतू' होतो. दर शुक्रवारी संध्याकाळी कॅनडात ब्रॅम्पटनमधल्या एका बेसमेंटमध्ये आम्ही वसईकडची पंचवीस-तीस माणसं गोल करून बसायचो, मोबाइल दाराशी ठेवलेल्या टोपलीत टाकायचो आणि हेतू ऐकायचो. 'एका बहिणीच्या गुडघ्यांसाठी.' 'एका घरातल्या सुनेला सद्बुद्धी मिळावी म्हणून.' ती सून समोरच बसलेली असायची. बिचारी तीही सगळ्यांबरोबर म्हणायची, 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.'

गट चालवायचे ते ब्रदर. त्यांना चर्चने नेमलं नव्हतं. आपली नेमणूक थेट वरून झाली आहे असं ते सांगत, आणि वर जाऊन खात्री करून यायची कुणाची तयारी नव्हती. आठवडाभर ते एका वेअरहाऊसमध्ये शिफ्ट सुपरवायझर असत, शुक्रवारी आमच्या आत्म्यांचे. कुणी कुठली सिरियल बघायची, कुणाच्या लग्नाला जायचं, मुलींनी केस किती कापायचे, कॅल्गरीची नोकरी घ्यायची की नाही, हे सगळं ते डोळे मिटून विचारत आणि डोळे उघडून सांगत. देवाला आमच्या हेअरकटची इतकी काळजी असेल, असं वसईत असताना मला कधी वाटलं नव्हतं.

हसायला मला काय जातं! पण आईचं कॅनडा म्हणजे हा गटच होता. वडील गेल्यावर मी तिला इकडे आणलं. तिला गाडी चालवता येत नव्हती, इंग्रजी येत नव्हतं आणि मी दिवसभर ऑफिसात. तिचा पहिला विंटर कोट गटातल्या एका आंटीने दिलेला. डॉक्टरकडे तिला गटातल्या बायाच न्यायच्या, बोंबील कुठल्या दुकानात बरे मिळतात तेही त्यांनीच दाखवलं. बदल्यात एकच करायचं होतं, गट सोडून गेलेल्यांना ओळख द्यायची नाही. एका बाईने मुलीचं लग्न शीख मुलाशी लावून दिलं आणि ती गटातून गेली. आईची ती जिवाभावाची मैत्रीण. एकदा ग्रोसरीत ती समोरून आली, तर आईने कार्ट वळवून थेट डाळींच्या रांगेत नेली. आम्हाला डाळ नको होती. ती जाईपर्यंत आई मसुरीच्या पिशवीवरचा मजकूर वाचत उभी राहिली. तो इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये होता.

हे सगळं डोळ्यांनी बघूनसुद्धा मी आईला सांगितलं. चर्चमधून रविवारची मिस्सा करून आलो होतो, ती सिंकपाशी बोंबील साफ करत होती आणि पुन्हा कुठल्यातरी मुलीचा विषय निघाला होता. मी म्हटलं, "आई, मुली बघू नकोस. मला मुलगे आवडतात. लहानपणापासून." तिने हातातल्या बोंबलाचं डोकं कापलं, पुढचा घेतला, त्याचंही कापलं. मग विचारलं, "आणखी कोणाला ठाऊक आहे?"

"कोणालाच नाही."

"मग ठीक आहे."

मला वाटलं, जिंकलं! वीस वर्षं ज्याला घाबरत होतो ते बोंबील तळायच्या आत आटोपलं होतं. त्या दिवशी मी चार बोंबील जास्त खाल्ले.

पुढच्या शुक्रवारी ब्रदरांनी नवा हेतू जाहीर केला. 'एका तरुणाच्या विशिष्ट अडचणीसाठी.' गटातला एक मुलगा तेव्हा रोड टेस्टमध्ये तिसऱ्यांदा नापास झाला होता. मला वाटलं, तोच. मी मनापासून प्रार्थना केली. एक महिनाभर मी त्या मुलाच्या पॅरलल पार्किंगसाठी गुडघे टेकत होतो. मग तो पास झाला, चावी बोटावर फिरवत आला, पेढे म्हणून डोनट वाटले. तरी हेतू आपला चालूच. मी गोलात नजर फिरवून हा दुसरा अडचणीतला तरुण कोण, ते शोधत राहिलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मग एकेक लक्षात यायला लागलं. मिठी मारणारे अंकल लांबूनच हात हलवायला लागले. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या मुलाला त्याच्या आईने हाक मारून पलीकडे बसवलं. एका आंटीने माझ्या जॅकेटच्या खिशात पवित्र पाण्याची बाटली सरकवली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण कॅन्सरच्या पेशंटकडे बघतो. गाडीत मी आईला विचारलं, "तू सांगितलंस?"

"मी नाव कुठे घेतलं?" आई म्हणाली.

नियमाप्रमाणे तिचं बरोबरच होतं.

उपचार सुरू झाले. ब्रदर घरी येऊन माझ्या कपाळाला तेल लावू लागले. "यात तुझा फॉल्ट नाही, सन. ही जनरेशनल स्पिरिट आहे. वरच्या पिढ्यांतून आलीय," म्हणाले. शोध घेता घेता ते माझ्या पणजोबांपर्यंत पोचले. पणजोबा म्हणे एकदा कुठल्याशा जत्रेला गेले होते. जत्रेत त्यांनी काय बघितलं देव जाणे, पण ते बिचारे पाळण्यात बसून आले असतील आणि इकडे तीन पिढ्यांनंतर मी मुलांकडे बघतोय! बुधवारी पाव-पाण्याचा उपास लागला. उपासाने माझं वजन उतरलं, बाकी सगळं जागच्या जागी राहिलं.

पालथ्या घड्यावर किती दिवस पाणी ओतणार? शेवटी बर्फाच्या दिवसांत एकदा ब्रदर आले, आईने तळलेले मैद्याचे गोड फुगे खाल्ले, चहा घेतला आणि आम्हा दोघांना समोर बसवलं. पुढच्या शुक्रवारी मी उभं राहून साक्ष द्यायची, की प्रभूने मला बरं केलं. नाही दिली, तर पाप ठाऊक असून ज्या घरात ते झाकलं जातं, त्या घराशी गटाला संबंध ठेवता येणार नाही. "डिसिजन तुमचा," असं म्हणून त्यांनी बूट घातले आणि उरलेले फुगे डब्यात भरून घेऊन गेले.

मी आईकडे बघत बसलो. तिने कप उचलले, विसळले, पालथे घातले.

"बोलून टाक," ती म्हणाली.

"काय?"

"बरा झालास म्हणून."

"आई, ते खोटं आहे."

"मला ठाऊक आहे ना! पाच मिनिटांचं काम. देवाला खरं काय ते माहीतच आहे, त्याला कोण फसवतंय?"

मी बोरं चोरून वर 'चोरली नाहीत' म्हटलं म्हणून जिने मला वेदीसमोर गुडघ्यांवर बसवलं होतं, ती ही बाई. खरं सांगतो, मला त्या क्षणी तिच्याबद्दल इतकं प्रेम दाटून आलं की मी लगेच हो म्हटलं. मी कोण आहे हे ती जाणत होती, म्हणून तर खोटं बोल म्हणत होती. बऱ्याच महिन्यांनी आम्ही दोघं एका बाजूला आलो होतो आणि ब्रदर दुसऱ्या. असं असेल तर पाच मिनिटं काय, तासभर बोललो असतो.

साक्ष मी झकास दिली. ऑफिसात प्रेझेंटेशन करून करून सवय झालेली. आधी अंधार, मग ब्रदरांचं तेल, मग छातीत ऊब, मग एक दिवस सकाळी उठलो तर सगळं स्वच्छ. पणजोबांनाही मी जाहीर क्षमा करून टाकली. आलेलुयांनी बेसमेंटचं छत हललं. अंकल लोकांनी उरलीसुरली मिठ्यांची थकबाकी चुकती केली, ब्रदर माझ्या डोक्यावर हात ठेवून रडले. आईही रडत होती. मी मनात म्हटलं, काय अभिनय करते ही!

परत येताना बर्फ पडत होता. आई शेजारच्या सीटवर चर्चमधलं गायन गुणगुणत होती. मी तिच्याकडे बघून हसलो, तीही हसली. मग म्हणाली, "उद्या मावशीला फोन लावते. तिच्या ओळखीत एक नर्स आहे. स्वभावाने गरीब आहे म्हणते."

"आई, आता गाडीत कोणी नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे मी खोटं बोललो. तूच सांगितलंस."

तिने मांडीवरची पर्स जवळ ओढली.

"हो. मीच सांगितलं," ती म्हणाली. "पण तू बोलत होतास ना, तेव्हा मला वाटलं, झालं खरंच. देव म्हणाला असेल, बाई इतकी रोज मागते आहे, देऊन टाकू." आणि म्हणाली, "मी तर खरंच मागत होते रे."

मला गाडी कडेला घ्यावी लागली. तेल, उपास, ती खुर्ची, पवित्र पाणी, या सगळ्यावर मी दात काढले होते. तिच्या त्या चेहऱ्यावर दात काढता येईनात. कॅनडात आल्यापासून आई इतकी आनंदात मी पाहिली नव्हती, आणि तो आनंद मी जसा आहे तसा नसतो तर कसं झालं असतं, त्याचा होता. मला रडू आलं, आणि रागही आला, तिचाच आला. तिने पर्समधून टिश्यू काढून दिला. तिला माझ्या रडण्याचं वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. पण तिने मागितलेलं मागे घेतलं नाही.

"पुढच्या शुक्रवारी येशील ना?" तिने हळूच विचारलं.

"सोडायला येईन. आत येणार नाही. कधीच नाही."

"आणि ब्रदरांनी विचारलं, तर काय सांगू?"

"सांग, बरा झालाय, आता त्याला गरज नाही."

मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. आई खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, जपमाळ करते आहे. रेडिओ बंद होता, म्हणून नीट ऐकू आलं. 'बरा झालाय, आता त्याला गरज नाही. बरा झालाय, आता त्याला गरज नाही.' घर येईपर्यंत ती पाठ करत होती.