आमचं काचेचं ग्रंथालय

मी ग्रंथपाल आहे म्हटल्यावर लोक म्हणतात, "किती शांत नोकरी हो तुमची!" शांत कसली डोंबलाची. इंदापूर रोडवरच्या आमच्या विद्यापीठात मला एकोणीस वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी ग्रंथालयाची नवी इमारत झाली आणि तेव्हापासून असे एकेक किस्से साठलेत की सांगायला बसले तर एक चहा पुरत नाही. ऐकणारे पोट धरून हसतात. मला मात्र सांगताना दर वेळी नव्यानं राग येतो.

*

आर्किटेक्ट पुण्याहून आला होता. त्यानं स्क्रीनवर तीन मजले दाखवले. चारी बाजूंनी काच, मधे मोकळं आकाश, पायऱ्यांवर गाद्या, कोपऱ्यात कॉफीचं मशीन. सगळे माना डोलवत होते. मी विचारलं, पुस्तकं कुठं आहेत? त्यानं चित्रं पुढं-मागं केली, परत पुढं केली आणि म्हणाला, "मॅडम, मॉडर्न लायब्ररी म्हणजे नुसती पुस्तकं नव्हेत. ती एक स्पेस असते."

पुस्तकं तळघरात गेली, जनरेटरच्या शेजारी.

*

दर्शनी भागातल्या मोठ्या कपाटाला मात्र पुस्तकं हवी होती. इंटिरिअरवाल्या बाईंनी मला यादी पाठवली. विषय नाही, लेखक नाही. बारा फूट निळी आणि सहा फूट पांढरी!

आमचे शिपाई तात्या माझ्याही आधीपासून इथं आहेत. ते दिवसभर टेप घेऊन तळघरात पुस्तकांच्या पाठी मोजत होते. संध्याकाळी घाम पुसत वर आले आणि म्हणाले, "मॅडम, निळं भरलं. पर गणिताचा पयला भाग वर गेलाय आन् दुसरा खालीच ऱ्हायलाय."

अजून तो तसाच आहे. कपाटाला हात लावायचा नाही, असा आदेश आहे.

*

वाचनाचा हॉल तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेला तोंड करून. बारामतीकडचा एप्रिल, त्यात काच. दुपारी दोननंतर पोरं डोक्यावर रुमाल घेऊन बसायची. मी पडदे मागितले. आमचे कुलसचिव, म्हणजे विद्यापीठाचा सगळा कारभार ज्यांच्या सहीनं चालतो ते, म्हणाले की पडद्यानं इमारतीचा लुक जातो.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी घरनं आणलेल्या ओल्या कुरडया हॉलमधल्या टेबलावर पसरल्या. कुलसचिव राऊंडला आले आणि असे भडकले की विचारू नका. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सायेब, अडीच तासात कडक वाळल्या," ते म्हणाले. "हितं पोरं कशी बसायची?"

तात्यांना मेमो मिळाला. पडदे काही आले नाहीत.

*

पुढं तर हॉललाच कुलूप लागलं. का, तर फरशी परदेशी आहे. पोरं शेतातनं येतात, चपलांना माती असते, डाग पडतात. पुस्तक मागच्या खिडकीतनं घ्यायचं आणि निघायचं.

डाळजची सारिका रोज पहिल्या एसटीनं यायची. घरी दोन खोल्या, त्यातली एक टोमॅटोच्या क्रेटनं भरलेली. ती तलाठी भरतीची तयारी करत होती. यंदा झालं तर झालं, नाहीतर पुढं घरचे थांबणार नाहीत, हे तिनंच मला सांगितलं होतं. जुन्या पत्र्याच्या ग्रंथालयात ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसायची. आता पार्किंगच्या शेडमध्ये उभ्या मोटारसायकलच्या सीटवर वही ठेवून गणितं सोडवत होती. गाडीचा मालक आला की दुसरी गाडी शोधायची.

मी तीन अर्ज दिले. कुलसचिव म्हणाले, "ई-लायब्ररी दिलीय ना? मोबाईलवर वाचायला सांगा." माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. गप्प बसले, याची अजून लाज वाटते.

*

बंद हॉल उघडला तो प्री-वेडिंग शूटिंगसाठी. व्यवस्थापनातल्या कुणाच्या तरी भाच्याचं लग्न होतं. नवरदेवाला हातात जाडजूड पुस्तक हवं होतं. तात्यांनी खालनं एक आणून दिलं. दोघं त्या पुस्तकाआडनं एकमेकांच्या डोळ्यांत बघत होते आणि कॅमेरावाला "थोडं लाजा" म्हणत होता.

पुस्तक उसावरच्या रोगांचं होतं!

मी हसले असते हो. पण पाहुण्यांच्या गाड्या लावायच्या म्हणून तेव्हाच खाली शेडमधनं सारिकाला उठवलं होतं. ती कंपाउंडच्या भिंतीला टेकून, उन्हात उभी राहून वाचत होती.

*

मग आली विद्यापीठाला श्रेणी देणारी मूल्यांकन समिती. ग्रंथालय भरलेलं दिसलं पाहिजे, असं फर्मान निघालं. चाळीस पोरं हॉलमध्ये बसवा, प्रत्येकापुढं पुस्तक, चपला खाली काढून ठेवायच्या. आणि उत्तर पाठ करून घ्या, "ग्रंथालय सकाळी आठ ते रात्री आठ उघडं असतं." समितीचं जेवण एकला. त्याआधी हॉल रिकामा करून कुलूप.

मी सगळ्यात आधी सारिकाला बोलावलं. तिनं एवढंच विचारलं, किती वाजेपर्यंत बसू देणार? मी खरं ते सांगितलं. ती वर गेली, खिडकीजवळची खुर्ची धरली, स्वतःचं पुस्तक काढलं आणि मान खाली घातली.

बाराच्या सुमारास समिती आली. अध्यक्ष वयस्कर प्राध्यापक होते. पोरं उठून उभी राहिली, एक सोडून. कुलसचिवांनी घसा खाकरला. मी लांबून खुणा केल्या. सारिकानं वर बघितलंच नाही. अध्यक्ष नेमके तिच्यापाशीच गेले आणि वाकून विचारलं, "काय बाळ, कसं वाटतं तुमचं ग्रंथालय?"

सारिकानं ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "सर, एक वाजता बाहेर काढणार हायती आमाला. तवर वाचू द्या की."