गच्चीवरची विमानांची वही

वही हरवली तो रविवार होता. सकाळी पावणेआठला मी गच्चीवरून खाली आले, चहा टाकला आणि रंगांची कार्डं खोक्यात ठेवताना लक्षात आलं की वही वरच राहिली. पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर, पेन आत खोचलेलं. परत वर गेले तर पेन होतं, वही नव्हती.

वारा वही नेऊन पेन ठेवत नाही. रद्दीसाठी नेणारा पेनही नेतो. म्हणजे ज्यानं वही उचलली त्याला आत काय लिहिलंय ते हवं होतं.

मी प्लास्टिकची छोटी विमानं बनवते. भाग जोडायचे, रंग द्यायचा आणि शेवटी डेकल लावायची. डेकल म्हणजे कागदावरची पातळ चित्रं: कंपनीचं चिन्ह, खिडक्यांची रांग, अक्षरं. ती पाण्यात भिजवून विमानावर सरकवायची. पण सगळ्यात अवघड रंग. खऱ्या विमानाचा रंग जसाच्या तसा वीतभर मॉडेलला दिला तर ते काळपट दिसतं. खरं विमान आपण लांबून बघतो, मध्ये हवा, धूर, ऊन येतं आणि रंग फिका होतो. तो फिकेपणा मॉडेलमध्ये आणायला रंगात थोडा पांढरा मिसळावा लागतो. किती थेंब, हे डब्यावर लिहिलेलं नसतं.

आमची इमारत घाटकोपरला, उतरणारी विमानं डोक्यावरून जातात. एकाच करड्यात एक-एक थेंब पांढरा वाढवून मी बारा कार्डं रंगवली होती. सकाळी गच्चीवर उभं राहायचं, कार्ड विमानाकडे धरायचं, एक डोळा मिटायचा आणि जुळेल त्या कार्डाचा नंबर वेळेसकट लिहायचा. वेळ लिहायची, कारण सातचं करडं आणि साडेसातचं करडं एक नसतं. नोंदी अशा: ‘६.४२. खूप खाली. पोट स्पष्ट दिसलं. चार नंबर.’ ‘६.५१. मोठं. ढगामुळे शेपूट दिसली नाही. उद्या परत.’ ‘७.०५. चाकं बाहेर. सगळ्यात चांगली जागा टाकीच्या मागे.’

ही वही दुसऱ्या कोणी वाचली तर त्याला काय वाटेल, हे त्या रविवारपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आम्ही भाडेकरू. करार संपायला पंचवीस दिवस होते आणि नव्या करारासाठी घरमालकाला सोसायटीचं ना हरकत पत्र हवं होतं. “सोसायटीची कटकट नको हां,” तो फोनवर म्हणाला होता, “पत्र आलं की सही करतो.” मुलीचं बारावीचं वर्ष, कॉलेज पुढच्या गल्लीत. आत्ता घर हलवणं परवडणारं नव्हतं.

गच्चीची किल्ली माझ्याशिवाय तिघांकडे होती. वॉचमन, कारण पंप तो चालू करतो. सेक्रेटरी. आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकी, ज्या वर कोकमं नि मिरच्या वाळवतात आणि कमिटीतही आहेत. मी कागदावर तीन रकाने आखले: कोण, वर कधी जातो, वही का घेईल.

नवऱ्यानं वाकून बघितलं. “एक नाव राहिलं.”

“कोणाचं?”

“तुझं. कपाटात ठेवून विसरली असशील.”

“मी विसरत नाही.”

“हो ना. म्हणून तर एवढ्या याद्या.”

वॉचमनला विचारलं तर तो खुर्चीतून उठून उभा राहिला. एरवी तो उठत नाही. “पंप चालू केला नि खाली आलो, मॅडम. इकडे-तिकडे बघितलंच नाही.” त्याच्या नावापुढे मी खूण केली.

काकी जिन्यात भेटल्या. “काय शोधतंस गो?”

“माझी वही हरवलीय, काकी. गच्चीवर.”

“गावतली गो,” म्हणाल्या, म्हणजे सापडेल, नि दार लावून घेतलं.

वही हरवली म्हटल्यावर माणूस आधी विचारतो, कसली. काकींनी विचारलं नाही. मी वॉचमनची खूण खोडली.

बुधवारी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली. गच्चीचा वापर फक्त कपडे आणि वाळवण यांसाठी करावा, अन्य हालचाली आढळल्यास कळवावे. ‘हालचाली’ हा शब्द मी दोनदा वाचला. त्या संध्याकाळी लिफ्टमध्ये दोघी बोलत होत्या, मी शिरल्यावर त्यांचं बोलणं संपलं. गुरुवारी सेक्रेटरींचा फोन आला. “रविवारी अकराला कमिटी बसतेय, मॅडम. तुम्ही या.”

“आणि आमच्या पत्राचं?”

“तेही त्यातच घेतो.”

काय काय न्यायचं त्याची मी यादी केली. अर्धवट झालेलं विमान. डेकलचा कागद, कात्री, वाटीभर पाणी, चिमटा, टिश्यू. रंगांची कार्डं. आणि हा छंद कालचा नाही हे कळावं म्हणून जुन्या तीन वह्या. हे शेवटचं कलम लिहिताना मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

तळमजल्यावरच्या ऑफिसात चौघं बसले होते. सेक्रेटरी, खजिनदार, काकी आणि कोपऱ्यात अध्यक्ष, जे सहसा बोलत नाहीत. टेबलावर माझी वही. आत लाल पेनानं रेघा मारलेल्या.

“‘सगळ्यात चांगली जागा टाकीच्या मागे,’” सेक्रेटरींनी वाचलं. “कशासाठी चांगली, मॅडम?”

“पोट बघायला. विमानाचं.”

कोणी हसलं नाही. मी थेंब, हवा, फिकेपणा, सगळं क्रमानं सांगितलं. मग म्हटलं, “आणि हे मी कधीपासूनच करतेय, बघा ना,” आणि तिन्ही वह्या टेबलावर ठेवल्या.

“म्हणजे अजून आहेत,” खजिनदार म्हणाले आणि त्यांनी खुर्ची जरा मागे घेतली.

“वही मिया दिलंय,” काकी मध्येच म्हणाल्या. “मगे काय करूचा? विमानांचो टायम लिवन ठेवता कोण?”

आता दाखवण्याशिवाय इलाज नव्हता. शेपटीवरचं चिन्ह मी मुद्दाम लावायचं ठेवलं होतं. ते कापलं, पाण्यात सोडलं, वीस सेकंद थांबले. शेपटीवर आधी चमकदार थर दिलेला होता, नाहीतर डेकलखाली हवा अडकते आणि भोवती चंदेरी डाग दिसतो. कागद शेपटीला टेकवून चित्र हळूच सरकवलं, टिश्यूनं पाणी टिपलं. चौघंही पुढे वाकले होते.

“बरोबर मधोमध आलं हो,” खजिनदार म्हणाले.

सेक्रेटरी मात्र कागद उलटसुलट करत होते. “हे कुठून आणलं?”

“घरी छापलं. प्रिंटरवर.”

“विमान कंपनीचं चिन्ह. घरी. प्रिंटरवर.”

खजिनदारांची खुर्ची परत मागे गेली. “आणखी काय काय छापता?”

मी कपाळाला हात लावणार होते, पण त्याचाही काही अर्थ निघाला असता. पाणी सांडलं होतं ते पुसलं.

मग सेक्रेटरींनी अचानक सूर बदलला. “पण एक सांगा, उजेडानं रंग बदलतो हे तुम्ही म्हणालात ते खरं?”

“लांबून बघताना, हो.”

“ऐका,” ते बाकीच्यांना म्हणाले. “मी सहा महिने हेच सांगतोय.”

हिवाळ्यात इमारतीला रंग दिला होता. मागची भिंत वेगळी दिसते अशी सगळ्यांची तक्रार होती, आणि तो उजेडाचा फरक आहे असं सेक्रेटरींचं म्हणणं. रंगवाला त्यांनीच आणला होता. “मॅडमचा अभ्यास आहे यात. तीन-तीन वह्या आहेत.” पाच मिनिटांपूर्वी त्या वह्या पुरावा होत्या. त्यांनी फायलीतून एक टाइप केलेला कागद काढला. आमचं ना हरकत पत्र. त्यांनी पेनाचं टोपण उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. “म्हणजे भिंतीचंही तसंच, ना?”

हा माणूस मला अडकवतोय की सोडतोय, ते मला कळेना. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

“बोल गो,” काकी म्हणाल्या.

“भिंत लांबून बघायची नाही,” मी म्हटलं. “हात पोचेल तिथून बघायची. मंजूर केलेल्या रंगाचा नमुना आहे का फायलीत?”

होता. सगळे बाहेर आले. मागची नि बाजूची भिंत जिथे मिळतात तो कोपरा पूर्ण सावलीत होता. नमुना मी आधी बाजूच्या भिंतीला टेकवला. कड शोधावी लागत होती, इतका तो मिसळून गेला. मग मागच्या भिंतीला टेकवला. पाटीसारखा उठून दिसला.

“उजेड एकच आहे,” मी म्हटलं. “रंग दोन आहेत.”

सेक्रेटरींनी पेनाचं टोपण लावलं. “बघू,” ते म्हणाले आणि पत्र फायलीत परत गेलं.

घरी आल्यावर नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “खोटं बोलली नाहीस, ते ठीक. गप्प बसता आलं असतं ना?”

“आलं असतं.”

“मग?”

“नमुना भिंतीवर होता रे. दिसत होतं.”

त्यानं मोबाइल काढला आणि दलालांचे नंबर शोधायला लागला. मी त्या आठवड्यात तीन घरं बघितली, दोन मुलुंडला, एक भांडुपला. प्रत्येकाचे फायदे-तोटे लिहिले. मुलीनं तिन्ही पानं वाचली नि अभ्यासाला बसली. मागच्या भिंतीपाशी रोज कोणीतरी उभं असायचं, कधी खजिनदार, कधी दुसरेच कोणी, हातात फाइल. मला बघून बोलणं थांबायचं, पण आता ते माझ्याबद्दल होतं की भिंतीबद्दल, सांगता येत नव्हतं.

चार दिवस उरले असताना वॉचमन लिफाफा घेऊन वर आला. आत ना हरकत पत्र. फ्लॅट नंबर बरोबर, नावं बरोबर, शिक्का होता. सेक्रेटरींची सही नव्हती. त्या जागी अध्यक्षांची आणि खाली कमिटी सदस्य म्हणून काकींची.

करार नोंदवणाऱ्या एजंटला मी कागद दाखवला. “सेक्रेटरीची सही नाही. चालेल?”

“शिक्का आहे ना मॅडम? चालतं.”

“उद्या कोणी हरकत घेतली तर?”

“अध्यक्ष आहेत ना सहीला.”

“नक्की?”

त्यानं चष्मा वर केला. “मॅडम, तुम्हाला घर हवंय की नकोय?”

मी त्याला पत्राची झेरॉक्स दिली. मूळ प्रत पर्समध्येच ठेवली.