मेहरुनचाचींची सगळी दुखणी

मेहरुनचाचींना आजवर मलेरिया झाला, टायफॉइड झाला, विंचू चावला, आणि पोटाचं ऑपरेशन तर इतक्यांदा ठरलं की विचारू नका. यातलं खरं एकही नाही. त्यांचे पती डॉ. अमीन निवृत्तीनंतर धुळ्यातल्या घरी शिकवणी घेत. परदेशात डॉक्टरी शिकून आलेल्यांना इथं परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते, ती मुलं त्यांच्याकडे येत. नुसत्या पुस्तकानं पेशंट कळत नाही, असं सरांचं म्हणणं. म्हणून कणीक मळून झाली की चाची दिवाणावर येऊन पडायच्या आणि विचारायच्या, "डॉक्टरसाब, आज काय झालंय मला?"

रूपल त्याच मुलांपैकी. दोंडाईच्याच्या किराणा व्यापाऱ्याची मुलगी, किर्गिझस्तानात शिकलेली, इथल्या परीक्षेत मात्र सारखी अडकणारी. वडील गेल्यावर दुकान आई, भंवरीबाई, सांभाळत होत्या. यंदा जमलं नाही तर मुकाट्यानं गल्ल्यावर बसायचं, असं त्यांनी बजावलं होतं.

सर चाचींकडे बोट दाखवून विचारायचे, "छातीत कळ आलीय, घाम फुटलाय. दवाखान्यात तू एकटी. आधी काय करशील?"

"धुळ्याला पाठवीन."

झटके आले? धुळ्याला. साप चावला? धुळ्याला.

"अगं पोरी," एकदा चाची उठूनच बसल्या, "मी धुळ्यातच पडलेय ना! आता कुठं पाठवतेस, जळगावला?"

सगळे खो-खो हसले. रूपलही हसली, पण हसता हसता उठून आत गेली. चाची मागोमाग गेल्या, तर ती ओट्याशी रडत उभी.

"पप्पांच्या छातीतही अशीच कळ आली होती, चाची. जो येईल तो म्हणे, धुळ्याला न्या. गाडी शोधण्यातच वेळ गेला. तोवर कुणी त्यांना हातसुद्धा लावला नाही. वाटेतलं सोनगीर यायच्या आत... प्रश्न वाचला की मला तेच ऐकू येतं."

चाचींनी तिला पाणी दिलं, हाताला धरून बाहेर आणलं आणि पुन्हा आडव्या झाल्या.

"डॉक्टरसाब, तुम्ही गप्प बसा. रूपल, मी दोंडाईच्यात आहे. गाडीला फोन झालाय, गाडी आलेली नाही. छातीत दुखतंय. चल."

रूपलनं खाली बसून चाचींची नाडी धरली. "घाबरू नका. ही अॅस्पिरिन चावून खा. आता ईसीजी काढते. मी इथंच आहे."

"मग?" सरांनी विचारलं.

"मग धुळे."

"आत्ता कसं!"

त्यानंतर परीक्षेपर्यंत चाची रोज दोंडाईच्यातच आजारी पडत राहिल्या.

परवाना हातात आल्यावर रूपल आईला घेऊन आली. भंवरीबाईंनी पेढ्यांचा डबा पुढे केला. त्यांनी चाचींचा हात घट्ट धरला. रूपलनं खुर्ची दिवाणाजवळ ओढली.

"चाची, पडा. माझ्या पहिल्या पेशंट तुम्ही."

"अगं, तिला काही झालेलं नाही," सर म्हणाले.

चाचींनी एकदा सरांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "गुडघा दुखतो गं. डावा. पायरी उतरताना."

"केव्हापासून?"

"तुमच्या आधीच्या बॅचपासून."

"आणि बोलला नाहीत?"

"रोजचं दुखणं डॉक्टरसाबच ठरवायचे ना. माझं कुणी विचारलंच नाही."

सर चष्मा काढून पुसत बसले. रूपलनं गुडघ्यावर अलगद हात ठेवला.

"पाठवतेस का मग कुठं?" चाचींनी डोळे मिचकावले.

"नाही," रूपल म्हणाली. "आधी मी बघते."