पेट्रोल दिसणारा पाइप

नारायणगावात फवारणीचे पंप दुरुस्त करणारे गेणभाऊ आधी मशीनशी बोलत, मग पाना उचलत. "काय पावणं, छाती भरलीय जनू?" असं विचारून पंपाच्या वतीनं स्वतःच खोकत. खोकला इतका हुबेहूब, की बाहेर चहा पिणारं गिऱ्हाईक म्हणे, "झाला वाटतं चालू!"

पण दिवाळीपासून हे सगळं बंद होतं. मोतीबिंदू एका डोळ्याचा काढला, दुसऱ्याचा राहिला. त्यातच त्यांच्याकडून एका पंपाच्या पेट्रोलच्या पाइपाला क्लिप लावायची राहिली, पेट्रोल गळालं आणि दुकान सांभाळणारी सून साधना म्हणाली, "मामा, पेट्रोलचं काम बास. नटबोल्ट निवडा." नटबोल्ट! चाळीस वर्षं इंजिनं बोलती करणाऱ्या माणसानं!

अशात ओझरच्या सुदर्शननं टेम्पोतून गवत कापायचं जुनं मशीन आणलं. त्याच्या आजोबांनी पुण्याच्या लिलावात घेतलेलं, बिडाचं, म्हशीसारखं हट्टी. "चाललं तर चाललं, न्हाईतर भंगारात," तो म्हणाला.

"हे मी करनार," गेणभाऊ ताडकन बोलले.

साधनानं मशीनला एक फेरी मारली. "करा. पण गळलं, तर पुन्हा पेट्रोलचं नाव काढायचं न्हाई."

टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा रबरी पाइप हात लावताच कडाकडा मोडला. साधनानं मोटरसायकलचा काळा पाइप पुढं ठेवला. गेणभाऊंनी तो बाजूला सारला आणि गवंडी पाणसळीला, पातळी बघायला वापरतात तसला पारदर्शक पाइप बसवला. "पेट्रोल कसं पळतंय ते दिसाया नको?" टाकी भरून तिच्या खालचा कॉक उघडला. नवा प्लग यायला चार दिवस लागले, तोवर मशीन तसंच उभं राहिलं.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी साधनाच्या आधी शटर उघडलं. खाली ओलं. पाइप चकलीसारखा कडक होऊन कॉकपाशी चिरला होता. त्यांनी कॉक बंद केला, फरशी पुसली. गुपचूप काळा पाइप घातला तर कुणाला कळणार? पण काळ्या कॉकवर काळा पाइप. टोक कुठं बसलं, कुठं नाही, काही उमजेना.

"मामा, वास येतोय." साधना दारात उभी.

हातातलं फडकं त्यांनी लपवलं नाही. "गळलं. पेट्रोल असल्या पाइपाला खातं, मला ठावं व्हतं. पर काळा पाइप मला दिसतच न्हाई गं."

"मग आधी का न्हाई सांगितलं?"

"नटबोल्टबी काढून घेतलं असतंस."

साधनाला हसू फुटलं. "डोळ्यांनी बसवा म्हणून कोण सांगतंय? बोटांनी बसवा. मी बघते."

दोघांनी मशीन बाहेर ओढलं. गेणभाऊंनी पाइप तळाला टेकेपर्यंत रेटला, क्लिप चाचपून चढवली, दोनदा हिसका देऊन पाहिला. साधनानं कॉक उघडून खाली पांढरा कागद धरला. दहा मिनिटं झाली, कागद कोरडा. मग नवा प्लग बसवून दोरी ओढली. फुस्स. परत फुस्स. तिसऱ्या ओढीला मशीन असं ढणढणलं, की समोरच्या चहावाल्यानं बरण्या धरल्या.

"पेट्रोलचं काम करा," साधना ओरडून म्हणाली, "पण मी दुकानात असताना. क्लिप मी तपासनार."

"म्हंजी सासऱ्यावर सुपरवायझर?"

"व्हय."

गेणभाऊंनी फळीवरचे बंद पंप मोजले. पाच होते.

"मग आज जेवाया घरी जाऊ नको," ते म्हणाले, "डबा हितंच मागव."