निनादचा गोल आणि माझा ळ

आमच्या निनादचा साखरपुडा झाला तेव्हा तो स्वतः कोलकात्याला फुटबॉल खेळत होता, आणि ही बातमी त्याला सगळ्यांत शेवटी कळली.

दोष द्यायचाच तर देशाच्या त्या चषकाला द्या. देशभरातले क्लब त्यात उतरतात आणि सगळा मामला बाद फेरीचा. जो हरला त्याने त्याच दिवशी बॅग भरायची. आमच्या बडोद्याचा क्लब म्हणजे नोकऱ्या सांभाळून खेळणारी मुलं. ती पहिल्याच फेरीत परत येणार या हिशोबाने मी निनादला मोजकेच ठेपले बांधून दिले. पण पहिल्या फेरीत समोरच्या गोलकीपरच्या हातून बॉल सुटला आणि दुसऱ्या फेरीत हे लोक पेनल्टीवर जिंकले. ठेपले संपले, सामने संपेनात.

निनाद एकोणतिशीचा. लग्नाचं काढलं की म्हणायचा, “आई, सीझन संपू दे.” (कुठला सीझन, हे त्याने कधीच सांगितलं नाही. लोक आंब्याचा सांगतात, तसं निदान महिन्याचं नाव तरी सांगावं.) मी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. माल किती दिवस पडून राहिला की जुना समजायचा, हे मला कोणी शिकवायला नको.

तर उपांत्यपूर्व सामन्याच्या दिवशी मी कामावरून घरी आले आणि निनादचा मेसेज आला. तो लिहितो इंग्रजी अक्षरांत, आणि भाषा अर्धी गुजराती, अर्धी मराठी. बडोद्यातली सगळी पोरं तसंच लिहितात.

“आई, गोल थई गयो. मारो ज. दवे सर रडी पड्या. निरांते फोन करतो.”

आता इंग्रजी अक्षरांत ल आणि ळ एकच. आणि गुजरातीत गोळ म्हणजे गूळ. मुलगी ठरली की गूळ आणि धणे वाटतात, त्याला म्हणतात गोळधाणा. आपला साखरपुडाच. इथल्या मराठी घरांतही कोणी साखरपुडा म्हणत नाही. “त्यांच्याकडे गोळ झाला” म्हटलं की समजायचं.

मी मेसेज दोनदा वाचला. गोळ झाला. माझाच. आणि दवे सर रडले. सवडीने फोन करतो म्हणे.

दवे सर म्हणजे क्लबचे कोच. त्यांची मुलगी हेतल फिजिओथेरपिस्ट. मागे निनादचा पाय मुरगळला तेव्हा तिने त्याला तिच्या स्कूटरवर बसवून सुभानपुऱ्याला आमच्या घरापर्यंत आणून सोडलं होतं. तेव्हाच माझ्या मनात नोंद झाली होती. आता मुलीचा बाप रडतोय म्हटल्यावर आणखी काय पुरावा पाहिजे?

निनादला फोन लावला तर बंद. मॅच झाली की सर सगळ्यांचे फोन काढून घेतात, हे मला माहीत होतं. नवऱ्याला हलवून उठवलं.

“अहो, निनादचा गोळ झाला. हेतलशी.”

विलास डोळे चोळत उठून बसला. “अगं, तो गोल म्हणत असेल. आज मॅच होती.”

“तुम्ही बघितली ना?”

“हाफटाइमपर्यंत. शून्य-शून्य होतं. मग डोळा लागला.”

“तो डिफेंडर आहे. शाळेपासून त्याने एक तरी गोल केलाय का?”

विलासने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. “नाही.”

“मग?”

“तेही खरंच,” तो म्हणाला आणि शर्ट शोधायला लागला.

मला उगीच बसून राहायची सवय नाही. वाटेत पेढे घेतले, नारळ घेतला. घरात भाचीसाठी आणून ठेवलेली पटोळ्याच्या काठाची साडी होती, ती पिशवीत टाकली (भाचीचं अजून काही ठरत नव्हतं) आणि आम्ही दवे राहतात ती जुनी गल्ली, घडियाळी पोळ गाठली. दव्यांच्या घरी कोकिळाबेन, म्हणजे सरांची बायको, दारातच उभ्या होत्या. पोळीत फटाके उडत होते. मला जरा बरं वाटलं. मुलीकडचे लोक हौशी असावेत.

“आवो आवो,” कोकिळाबेन माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या. “तुमच्या निनादने तर कमाल केली.”

“वेवाण, आम्हाला तर आत्ताच कळलं,” मी म्हटलं. “त्याने आधी घरात एक शब्द टाकायला हवा होता.”

वेवाण म्हणजे विहीण. त्या खळखळून हसल्या. “असं कोणी आधी सांगून करतं? संधी मिळाली, करून टाकलं.”

“दवेसाहेबांना मान्य आहे ना पण?”

“अरे, ते तर फोनवर लहान मुलासारखे रडत होते. पहिल्यांदा रेफ्रीने ना ज पाडी, नाहीच म्हणाला. मग सगळे त्याच्याभोवती जमले, त्याने विचार केला आणि हो म्हणाला.”

दव्यांच्या नात्यातल्या कोणा वडीलधाऱ्याला घरात गमतीने रेफ्री म्हणत असावेत, असं मी धरून चालले. प्रत्येक घरात असा एक जण असतोच. त्याला सगळ्यांनी मिळून समजवावं लागतं.

“आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं,” कोकिळाबेन पुढे म्हणाल्या. “अख्खी पोळ बसली होती.”

“टीव्हीवर?” विलास हळूच म्हणाला.

मी त्याला कोपराने गप्प केलं. हल्ली लोक काय काय थेट दाखवतात. आपण मागासलेले दिसायला नको.

“मागून पळत आला,” कोकिळाबेन हातवारे करत होत्या, “आणि सरळ डोक्याने.”

माझे डोळे भरून आले. भर मैदानात मुलाने होणाऱ्या सासऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं. एवढं वळण मी त्याला कधी लावलं, मलाच आठवेना.

मी कोकिळाबेनच्या हातात साडी ठेवली. “एवढं कशाला?” म्हणत त्यांनी घेतली. मी त्यांना पेढा भरवला, त्यांनी मला भरवला, आणि विलासने फोटो काढला. तो मी तिथल्या तिथे घरच्या ग्रुपवर टाकला. खाली शुद्ध मराठीत लिहिलं, “चि. निनाद आणि हेतल यांचा गोळधाणा संपन्न.” ळ अगदी ठसठशीत.

घरच्या ग्रुपवरून तो सोसायटीच्या ग्रुपवर गेला, तिथून क्लबच्या. चांगली बातमी इतक्या वेगाने पळाल्याचं मी पाहिलेलं नाही.

आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात हेतल आली. हेल्मेट हातात, मोबाईल दुसऱ्या हातात.

“मम्मी, माझे गोळधाणा झाले?”

कोकिळाबेन हसत होत्या, त्या थांबल्या. “कोनी साथे? कोणाशी?”

“हे मी तुला विचारतेय,” हेतल म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं, पेढ्यांकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं. “आंटी, निनादने काय लिहिलं होतं?”

मी मेसेज दाखवला. तिने तो वाचला आणि खाली मान घालून बराच वेळ उभी राहिली. ती लाजली असं मला वाटलं. ती हसू दाबत होती.

“आंटी, गोल. बॉल जाळ्यात जातो तो. लसणाचा ल.”

विलासने पेढा उचलला होता, तो तसाच हातात राहिला.

“मी म्हटलं होतं,” तो एवढंच म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य कधी बोलायचं नसतं हे त्याला अजून कळलेलं नाही.

मी साडी परत मागितली नाही. हेतल ती उलगडून बघत म्हणाली, “साडी सरस छे. ही ठेवते. मुलाचं नंतर बघू.”

प्रकरण इथे संपलं असतं तर मी पुन्हा तोंड वर करून पोळीत गेले असते. पण रात्री निनादचा फोन आला.

“आई, तू काय केलंस?”

“का, काय झालं?”

“सरांनी मला सेमीफायनलमधून काढलं. म्हणतात, माझ्या पाठीमागे माझ्याच घरात गोळ करवून घेतलास आणि मला मैदानात मिठ्या मारतोस? मी म्हटलं, मला काहीच माहीत नाही. तर म्हणतात, वर खोटं बोलतोस.” मग तो गप्प झाला. “आई, परत कधी मिळणारे मला सेमीफायनल? पुढच्या वर्षी माझ्या जागी कुणी पोरगा असेल.”

तो लहानपणीही रडून मागायचा नाही, असाच गप्प व्हायचा. मी फोन ठेवला आणि दवे सरांना लावला.

“सर, चूक माझी आहे. अक्षराची आहे. निनादला काहीही माहीत नव्हतं.”

“बेन, फोटोत माझी बायको पेढा खाते आहे.”

“त्या गोलचा खात होत्या. मी गोळचा भरवत होते.”

मी पुन्हा सांगितलं, ल वेगळा, ळ वेगळा. मग त्यांनी बायकोला फोन लावला, बायकोने हेतलला दिला, आणि थोड्या वेळाने त्यांचाच मला आला. आवाजावरून हसून दमलेला माणूस वाटत होता.

“बेन, एक विचारू? मी तर दुसरा डिफेंडर तयार केलाय. मुलगा चांगला आहे. निनादचं डोकं आता ठिकाणावर असेल?”

“सर, त्याच्या डोक्याची हमी मी देते,” मी ठणकावून सांगितलं. “त्यालाच खेळवा.”

सरांनी त्यालाच खेळवलं. आम्ही सगळे पोळीत दव्यांच्या टीव्हीसमोर बसलो. (हेतलने बोलावलं होतं. येताना काही आणू नका, असंही बजावलं होतं.) शेवटच्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य. मग समोरच्यांचा कॉर्नर आला. निनाद मागून पळत आला, सगळ्यांच्या वर उडी मारली आणि डोक्याने बॉल इतका सुंदर जाळ्यात घातला की मी टाळ्या वाजवत उभी राहिले. बाकीचे बसून होते. जाळं आपलं होतं, हे मला हेतलने हात धरून खाली बसवल्यावर कळलं.

संघ परत आला. बडोद्यात अजून कोणी ना कोणी निनादला विचारतंच की सेमीफायनलपर्यंत जाऊन असं कसं झालं? तो शांतपणे सांगतो, समोरची टीम भारी होती. त्या दिवशी दुसराच डिफेंडर खेळणार होता आणि कोणाच्या आग्रहामुळे तो बसून राहिला, याबद्दल अवाक्षर काढत नाही. मुलाला वळण चांगलं लावलंय मी.