चंद्राभोवती फिरणारी राख

बाबा गेले ते भर उन्हाळ्यात, आणि आमची नदी तेव्हा नुसती रेती होती. कुरखेड्याजवळच्या आमच्या गावाला ती पावसाळ्यापुरतीच नदी. एरवी बायका तिच्यात झिरे खोदतात, हातभर रेती उपसली की खड्ड्यात पाणी जमतं. अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून गाडगं फडक्यात बांधून शेताच्या धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाला टांगलं होतं. मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, म्हणत होते नाशकाला नेऊ, निदान वैनगंगेला तरी. आईला मात्र आमचीच नदी हवी होती, पाणी येईल तेव्हा. माझंही मत तेच. ज्या माणसाला एस.टी.त वडसा यायच्या आधीच ओकारी व्हायची, त्याला मेल्यावर नाशकापर्यंत कशाला हिंडवायचं?

पण तेरवी झाली तरी गाडगं झाडावरच, तेव्हा गावात कुजबूज सुरू झाली. जीव अडकून पडतो म्हणे. ऐकून आईचा चेहरा उतरायचा. मोठ्या बाबांना ती काही सांगूही शकत नव्हती, कारण भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, तोंड उघडायची आमच्याकडे रीत नाही.

मी तेव्हा घुग्घुसला शाळेत शिकवायची, सुट्टी म्हणून घरी थांबले होते. आईचं मन रमावं म्हणून पेपरातल्या पुरवण्या मोठ्यानं वाचायची. एकीत एका परदेशी यानाची बातमी होती. ते चंद्राभोवती फिरून पाणी शोधत होतं. ध्रुवांजवळच्या खोल खड्ड्यांत, जिथे ऊन कधीच पोचत नाही, तिथे बर्फ असावा असं त्याच्या यंत्रांवरून वाटत होतं.

"इतक्या वरून पानी दिसते त्याले?" आईनं विचारलं.

"पाणी नाही दिसत. पाण्याची खूण लागते."

"म्हंजे रेती ओली लागली. पानी नाई लागलं अजून."

मी म्हटलं, हो, तसंच.

खाली एक चौकट होती. चंद्राचा अभ्यास करण्यात जन्म घालवलेल्या एका माणसाची चिमूटभर राख त्याच यानातून पाठवली होती. आईनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. मानसाची राख? कशात भरली? विसर्जन कधी? मी सांगितलं, काम संपलं की यान चंद्रावरच पडेल, तोवर फिरत राहील. "आन् घरचे काई म्हनत नाई?" विचारत तिनं सूप पुन्हा उचललं.

संध्याकाळी मोठे बाबा आले. उद्या वैनगंगेला जायला जीप ठरवली म्हणाले. मी आईकडे पाहिलं. ती दाराआड उभी होती, पदर डोक्यावर, आणि तिथूनच बोलली.

"चंद्राजवळ एकाची राख फिरून राह्यली. त्याच्या घरचे थांबले. आमी काऊन नाई थांबू?"

मोठे बाबा चाटच पडले. "हे कोनं सांगतलं?"

"पेपरात हाये."

मी पुरवणी पुढे केली. त्यांनी चष्मा लावून चौकट वाचली, पुन्हा वाचली, मग मला विचारलं, "तिथं थंडी लय असन का व?" असेल म्हटलं. त्यांनी पेपराची घडी केली. "मिरगात नदी आली तं आली," शेवटी म्हणाले, "नाई तं मी कोनाचं आयकत नाई."

मृग जवळजवळ कोरडाच गेला. माझी शाळा सुरू होऊनही मी रजा काढून थांबले. मृग संपता संपता एका दुपारी आमच्याकडे थेंब नसताना नदी आली. वर कुठंतरी जोरात पडला असणार. गढूळ पाणी रेतीवरून पुढे सरकत होतं. मोहावरचं गाडगं मोठ्या बाबांनीच उतरवलं. त्या दिवशी मला रडू आलं, आणि हायसंही वाटलं.

पुढच्या पावसाळ्यात ते यान मुद्दाम चंद्रावर आदळवलं. धक्क्यानं पाण्याची वाफ उडेल म्हणून कितीतरी दुर्बिणी रोखलेल्या होत्या. काहीच दिसलं नाही. मी आईला तसं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "मंग राख कोरड्यातच पडली?" नंतर कितीतरी महिने मी घरी गेले की ती विचारायची, चंद्राचं काही आलं का पेपरात.

आलं ते दहा वर्षांनी. चंद्रावरच्या मातीत पाण्याचा अंश सापडला, ध्रुवांकडे जास्त, आणि तेही आपल्या देशानं पाठवलेल्या यानावरून. आईला तोवर कमी ऐकू यायला लागलं होतं. मी तिच्या कानाशी बसून सगळं वाचलं.

"त्या मानसाची राख पडली तिकडंच का?"

"तिकडंच."

"त्याची बायको हाये का व अजून?"

पेपरात तसं काही नव्हतं.

"असन तं तिले कोनी जाऊन सांगतलं पायजे," ती म्हणाली. "पेपर काय, ती वाचन न वाचन."