मास्तरांचं नाक

लाँड्रीत काम करणाऱ्याच्या खिशात दगडाचा चुरा साचतो आणि डोक्यात किस्से. चुरा संध्याकाळी झटकता येतो. किस्से मात्र बसमधून घरी भिंगारपर्यंत सोबत येतात, जेवताना ताटात पडतात. म्हटलं, आज झटकूनच टाकू.

* * *

लाँड्री म्हटलं की आमच्या घरच्यांना इस्त्री दिसते. मी इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून सुप्याच्या एमआयडीसीत लागलो, तेव्हा आत्यानं पिशवीभर साड्या पाठवल्या. "पॉलिश करून आण!"

अगं आत्या, आमच्याकडं कोऱ्या, गडद निळ्या जीन्स येतात. आम्ही त्या मशीनमध्ये दगडांसोबत फिरवून, घासून, रंग उडवून जुन्या करून पाठवतो!

हे ऐकून वडील म्हणाले, "नव्याचं जुनं करायला कारखाना कशाला? तुला कॉलेजात घातलं, दोन वर्षांत झालासच की जुना!"

वडिलांचा आयुष्यातला एकमेव विनोद. तोही माझ्या जिवावर.

* * *

कुठली जीन्स कशात आणि किती वेळ फिरवायची, हे ठरवतात आमचे वॉशिंग मास्तर. तीस वर्षं ब्लीचमध्ये काढलेला माणूस.

एकदा ब्लीचचा कॅन सांडला. अख्खी शिफ्ट नाक दाबून बाहेर पळाली. मास्तर आत बसून डबा खातायत! आतूनच ओरडले, "पोरांनो, सुट्टी हाय काय आज?"

पोरं त्यांच्या पाया पडली. पाया! ब्लीचनं ज्याचं नाक मारलं, तो आमच्याकडं सिद्धपुरुष. मास्तरही छाती काढून सांगायचे, "नाक मेल्याबिगर मास्तर होता येत न्हाई."

मोठ्या माणसांचं हेच माझ्या डोक्यात जातं. इजेचं पदक करायचं आणि वर ते आमच्याही गळ्यात घालायला बघायचं.

त्यांच्या घरी काकूंना विचारा. "मी शेजारी गेल्ते. दूध करपून पातेलं काळं ठिक्कर पडलं, अन् हे गॅसपाशी बसून पेपर वाचत हुते!"

* * *

बबनची गोष्ट वेगळी. तो जीन्सच्या मांडीवर जांभळं औषध फवारायचा, म्हणजे तिथला रंग उडून कापड पांढुरकं होतं. त्या औषधानं बोटं तपकिरी होतात, साबणानं जात नाहीत.

मतदानाला गेला, तर तिथल्या साहेबानं हात धरला. "दहाच्या दहा बोटं रंगलेली? किती ठिकाणी मत देऊन आलास?"

बबन म्हणाला, "साहेब, एवढी मतं दिली असती तर मीच निवडून आलो नसतो का?"

आता ते काम लेझर करतो. बबन बटण दाबतो आणि गोऱ्या बोटांकडं बघत बसतो.

* * *

लेझर आला, कारण माल घेणाऱ्या कंपनीनं आमच्या शेठला सुनावलं: फवारणी बंद, दगड बंद, ब्लीच बंद. नाहीतर आमचा माल बंद.

शेठ मऊ आवाजात मास्तरांना समजवायला गेले. मास्तर म्हणाले, "बिनवासाची लाँड्री म्हंजे बिनमिरचीचं पिठलं. तुमी खावा, मी चाललो घरी!"

पण गेले नाहीत. बिनदगडाची पहिली धुलाई फसताना डोळ्यांनी बघायची होती ना!

दगडाच्या गोण्यांऐवजी सूत हलकेच कुरतडणाऱ्या एन्झाईमची एक बरणी आली. तेवढंच मशीनमध्ये टाकलं. तासाभरानं जीन्स बाहेर आली, मऊ, घासल्यासारखी, अन् खाली गाळाचा कण नाही. मास्तरांनी एकेका खिशात हात घातला. मग माझी कॉलर धरली.

"खरं सांग, दगड कवा टाकलेस?"

* * *

मग ओझोनचं मशीन आलं. हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचा ओझोन करतं, आणि तो रंग खातो. ओलसर जीन्स आत गेली. पाण्याचा खळखळाट नाही, फेस नाही, ब्लीचचा थेंब नाही. दार उघडलं तर निळ्याचं आभाळ झालेलं! मी इंजिनिअरिंग सोडलेला माणूस, पण त्या क्षणी मला पुस्तकं आठवली.

मास्तर गोणीवर टेकले. "हवेनं खाल्ला की रं रंग!"

"हवा गळली तर?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "गळायच्या आत कळतं. सेन्सर आहे, मशीन आपोआप बंद पडतं. ह्या मशीनला नाक आहे मास्तर. तुम्हालाच नाही."

शेठनं माझ्यावर डोळे वटारले. मास्तरांनी त्या दिवशी डबा मागच्या दारात एकट्यानं खाल्ला. खोटं बोललो असतो तर माफी मागितली असती.

दुसऱ्या दिवशी मी मशीनपाशी गेलो, तर मास्तर त्या सेन्सरला फडक्यानं पुसत होते. हळूच म्हणाले, "ह्याला बारीक वास बी येतो का रं?"

* * *

ब्लीचचे कॅन जाऊन पावसाळा सरला, थंडी आली. दुपारच्या चहाला आम्ही मागच्या दारात उभे होतो. मास्तर नेहमीचंच ऐकवत होते, "तुमी आजकालची पोरं..."

आणि मध्येच थांबले. कप तसाच हातात. मान वर, डोळे मिटलेले. मला वाटलं, चक्कर आली.

"मास्तर?"

"गप." मग अगदी बारीक आवाजात, "कुनाच्या रानात हुरडा भाजत्यात रं?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. आम्हा धडधाकट नाकवाल्यांना काहीच आलं नव्हतं. बबन कंपाउंडच्या भिंतीवर चढला. लांब, ज्वारीच्या पलीकडं, धुराची एक रेघ वर निघाली होती.

बबन भिंतीवरच बसून राहिला. मास्तरांनी कप माझ्या हातात दिला, खिशातून मोबाईल काढला आणि काकूंना फोन लावला.

"अगं, ऐक. दूध ठेव गॅसवर अन् करपू दे जरा. मी घरी येतोय!"